चिंगीचे पोट आणि भिंतीवरची दिनदर्शिका

घरातील वृद्ध माणसाचे पोट बिघडले की आपला पहिला प्रश्न असतो, “काल काय खाल्ले होते?” त्याच घरातील वृद्ध कुत्र्याचे पोट बिघडले, तर मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘गवत खाल्ले असेल’, ‘ऊन बाधले असेल’, ‘वय झाले आता’, असे म्हणून आपण लादी पुसून घेतो. दोन दिवसांनी ते शेपूट हलवू लागते आणि विषय मागे पडतो. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. आजचा लेख या ‘पुन्हा’विषयी आहे.

माझ्या परिचयातील एक निवृत्त शिक्षक एकटेच राहतात. सोबतीला चिंगी ही पॉमेरेनियन कुत्री. वय ११ वर्षे, वजन जेमतेम ५ किलो. वर्षभर तिला अधूनमधून उलट्या आणि जुलाब होत. प्रत्येक वेळी औषध, प्रत्येक वेळी उतार. अखेर पशुवैद्यांनी गुरुजींना सांगितले, “त्रास होईल त्या तारखेवर दिनदर्शिकेत फुली मारत जा.” तीन महिन्यांनी पाने उलटली, तर बहुतेक फुल्या एकादशीनंतरच्या एक-दोन दिवसांत पडलेल्या! उपवासाच्या दिवशी तुपात परतलेल्या, दाण्याचे भरपूर कूट घातलेल्या साबुदाण्याच्या खिचडीतील चार घास चिंगीच्या ताटलीत जात असत. “ती समोर बसलेली असताना मी एकट्याने कसे खाऊ?” असे गुरुजी म्हणाले. तपासण्यांत चिंगीच्या स्वादुपिंडाला सूज असल्याचे आढळले.

चार घासांनी एवढे काय बिघडते, असे आपल्याला वाटेल. थोडे गणित करून पाहू. ५ किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसभरात साधारणपणे ३०० ते ३५० कॅलरी पुरतात. एका मोठ्या चमचाभर तुपात सुमारे १२० कॅलरी असतात. म्हणजे आपल्या दृष्टीने किरकोळ असलेले तूप तिच्या दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा व्यापते. शिवाय एकदम पोटात गेलेली चरबी हे स्वादुपिंडाच्या दाहाचे एक परिचित निमित्त आहे आणि लहान चणीच्या, उतारवयातील कुत्र्यांत हा दाह विशेष आढळतो. सायीचे दूध, तळणीचे पदार्थ, मटणाची चरबी यांनाही हेच लागू आहे.

म्हणून औषधापूर्वी नोंद हवी. त्रासाच्या दिवशी पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात. आदल्या दोन दिवसांत काय काय खाल्ले आणि ते कोणी दिले? (नातवंडे, मोलकरीण, शेजारी, सर्वांना विचारावे.) उलटी रिकाम्या पोटी पहाटे पिवळ्या फेसाची झाली, की जेवणानंतर अन्नाची? पोट ओढून झाली, की अन्न नुसतेच तोंडातून बाहेर आले? शी भरपूर आणि पातळ होती, की थोडी थोडी, आव पडल्यासारखी? महिन्यातून एकदा वजनही करावे. प्रथम आपण एकटे आणि मग कुत्र्याला घेऊन, असे दोनदा काट्यावर उभे राहिले, की फरक कळतो. तोल जाण्याची भीती असेल, तर हे काम घरातील तरुणावर सोपवावे. ५ किलोंतील अर्धा किलो घटणे म्हणजे ६० किलोंच्या माणसाचे ६ किलो घटणे होय.

सौम्य त्रास असेल आणि कुत्रे एरवी हुशार दिसत असेल, तर पोटाला विसावा द्यावा. परंतु वृद्ध, लहान कुत्र्याला पशुवैद्यांना न विचारता दिवसभर उपाशी ठेवू नये. पाणी थोडे थोडे, वारंवार द्यावे. मऊ शिजवलेला भात आणि कातडी व हाडे काढून नुसत्या पाण्यात उकडलेली कोंबडी, असा आहार दिवसातून चार-पाच वेळा, लहान वाट्याने द्यावा. मीठ, तूप, हळद-मसाला, कांदा, लसूण काहीही नको. शाकाहारी घरांनी पशुवैद्यांकडून कमी चरबीच्या तयार आहाराची माहिती घ्यावी. हे पथ्य दोन-तीन दिवसांपुरतेच आहे. त्यावर महिनोन्‌महिने काढल्यास पोषण अपुरे पडते. नंतर नेहमीचे अन्न आठवडाभरात हळूहळू मिसळत आणावे. पहाटे रिकाम्या पोटी पिवळी उलटी होणाऱ्या कुत्र्याला रात्री निजण्यापूर्वी दोन घास दिल्यास पुष्कळदा आराम पडतो.

आपल्या औषधांच्या डब्यातील काहीही देऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलही घातक ठरू शकते. जुलाब थांबवणारी आपली गोळी किंवा मागच्या खेपेचे उरलेले प्रतिजैविकही स्वतःच्या मनाने देऊ नये. वृद्धांच्या घरात हातातून निसटलेली गोळी जमिनीवर घरंगळते आणि माणसाआधी कुत्र्याला सापडते. तेव्हा गोळ्या टेबलाशी बसून, खाली ताट ठेवून काढाव्यात. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे, द्राक्षे, चॉकलेट, कांदा-लसूण आणि झायलिटॉल घातलेले साखरविरहित पदार्थ हे तर कुत्र्याला विषच आहेत. त्यांतील काही पोटात गेल्याचे कळल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना गाठावे.

पुढील परिस्थितीत घरगुती उपाय करत बसू नये: काही तासांत पुनःपुन्हा उलट्या होणे, पाणीही न टिकणे, रक्त पडणे किंवा डांबरासारखी काळी शी होणे, पोट फुगणे, हिरड्या पांढुरक्या वा कोरड्या-चिकट होणे, पुढचे पाय टेकून मागचा भाग उंच धरून राहणे, उठता न येणे. लहान शरीरात पाण्याचा साठा अल्प असतो. मोठे कुत्रे जो दिवस निभावून नेते, तो लहान कुत्र्याला झेपत नाही.

प्रत्येकाच्या दिनदर्शिकेत एकादशी सापडेलच असे नाही. खाण्यात काहीही वावगे नसताना त्रास तीन आठवड्यांपेक्षा अधिक चालला किंवा वजन घटत राहिले, तर ‘वय झाले’ हे उत्तर स्वीकारू नये. वय हा आजार नव्हे. जंत, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार, आतड्यांचा जुनाट दाह, गाठ अशी कारणे शोधावी लागतात. त्यासाठी विष्ठेची व रक्ताची तपासणी आणि गरजेनुसार सोनोग्राफी केली जाते. सांधेदुखीचे औषध चालू असल्यास ते आवर्जून सांगावे. त्यानेही पोट बिघडू शकते.

सांभाळणाऱ्याने स्वतःलाही जपावे. ओल्या लादीवर घाईने जाऊ नये. आधी दिवा लावावा, पायांत न घसरणारी चप्पल असावी. साफसफाई हातमोजे घालून करावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. वाकता येत नसेल, तर कागद अंथरून ठेवावा आणि मदत येईपर्यंत थांबावे.

चिंगीची खिचडी बंद झाली, तेव्हा तिच्यापेक्षा गुरुजींनाच अधिक वाईट वाटले. “मीच तिला आजारी पाडत होतो,” असे ते दोन-तीनदा म्हणाले. अशा वेळी घरच्यांनी दोष देऊ नये. त्या घासात माया होती, माप तेवढे चुकले होते. आता एकादशीच्या सकाळी ते चिंगीच्याच दिवसभराच्या खाण्यातील मूठभर दाणे एका वाटीत बाजूला काढतात आणि स्वतः खिचडी खाताना तिला एकेक भरवतात. तिला हातचे खाणे हवे होते. वाटीत काय आहे, याची तिने तक्रार केलेली नाही. गेल्या तीन महिन्यांत दिनदर्शिकेवर एकच फुली पडली आहे.

आपल्याही दिनदर्शिकेशेजारी आजच एक पेन्सिल बांधून ठेवावी.