दोन मिनिटांतला वाटा

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मैदान उभे राहते आणि ध्यानचंदांचे नाव आठवते. कॅनडात मात्र नुसते ‘हॉकी’ म्हटले की लोक बर्फावरचीच हॉकी समजतात. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, पायांत स्केट्स आणि गोलरक्षक धरून एका वेळी सहा खेळाडू. या खेळातील एका नियमाविषयी आणि त्यामुळे बाकावर बसून राहणाऱ्या तरुण खेळाडूविषयी मला येथे थोडे लिहायचे आहे. खेळ दूरचा असला तरी प्रश्न आपल्याला परका वाटणार नाही, अशी माझी समजूत आहे.

नियम असा. एखाद्याने आगळीक केली की त्याला बहुधा दोन मिनिटे बाहेर बसावे लागते. तेवढा वेळ त्याचा संघ एका माणसाने उणा. समोरच्या संघाच्या या सुसंधीला पॉवर प्ले म्हणतात. क्रिकेटमधला पॉवर प्ले निराळा. यासाठी बहुतेक संघ पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या ठरवून ठेवतात. पहिलीत निवडक, दुसरीत बाकीचे. मेख अशी की, गोल झाला की ही शिक्षा तिथेच संपते. म्हणजे पहिली तुकडी जितकी तरबेज, तितका दुसरीच्या वाट्याला वेळ कमी.

आता एक उदाहरण पाहू. एडमंटन ऑयलर्स या संघाने २०२२-२३ च्या मोसमात पॉवर प्लेच्या २७५ संधींत ८९ गोल केले. हे प्रमाण शेकडा ३२.४ पडते. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा १९७७-७८ मधला शेकडा ३१.९ हा उच्चांक त्यांनी मोडला. कॉनर मॅकडेव्हिडने त्या मोसमात गोल व साहाय्य मिळून १५३ गुण मिळवले. लिऑन ड्रायसाइटलने नुसत्या पॉवर प्लेमध्ये ३२ गोल केले. असे मोहरे हाताशी असताना दुसऱ्या तुकडीची आठवण कोणाला होणार?

त्याच मोसमात डिलन हॉलोवे हा तरुण विंगर या संघातून साखळी सामन्यांत प्रथम खेळला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघातून पुढे आलेला हा मुलगा २०२० च्या निवडीत चौदाव्या क्रमांकावर घेतला गेला होता. म्हणजे त्याच्या अंगी गुण आहेत हे संघानेच मान्य केले होते. पहिल्या मोसमात ५१ सामन्यांत त्याचे ३ गोल झाले, दुसऱ्यात ३८ सामन्यांत ६. बहुतेक वेळ खालच्या फळीत, थोडी मिनिटे. पॉवर प्लेमध्ये जागा जवळजवळ नाहीच. मधूनमधून दुखापतींनीही गाठले, हे खरे. पण धडधाकट असतानाही त्याच्यापुढचे दार बंदच होते.

येथे प्रशिक्षकाला दोष देणे सोपे आहे. मला तो द्यावासा वाटत नाही. सामना बरोबरीत आहे, पाच मिनिटे उरली आहेत आणि पॉवर प्ले मिळाला आहे. अशा वेळी मॅकडेव्हिडला बसवून नवख्याला उतरवा, असे मी तरी म्हणणार नाही. त्या रात्रीपुरता प्रशिक्षकाचा निर्णय बरोबरच आहे. दुसऱ्या रात्रीही बरोबर आहे. पण अशा ब्याऐंशी रात्रींची बेरीज केली तर काय दिसते? एक होतकरू खेळाडू वर्षभर ज्या कामासाठी तयारी करीत होता, ते काम त्याला करताच आले नाही. मग वर्षअखेरीस आपण म्हणतो, ‘त्याने काही करून दाखवले नाही.’ हा न्याय मला पटत नाही.

नवखा तयार आहे की नाही, हे त्याला उतरवल्याशिवाय कळणार कसे? याचे उत्तर याच संघात सापडते. पहिल्या तुकडीत पाठीमागची जागा टायसन बॅरी या अनुभवी बचावपटूची होती. फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस त्याला दुसऱ्या संघाकडे धाडण्यात आले आणि ती जागा तरुण इव्हान बुशार्डला मिळाली. पुढच्या बाद फेरीच्या १२ सामन्यांत त्याने १७ गुण मिळवले आणि संघाच्या पॉवर प्लेचे प्रमाण शेकडा ४६.२ वर गेले! जागा रिकामी झाली म्हणून बुशार्ड दिसला. विंगरची जागा रिकामी झाली नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुई ब्लूज संघाने हॉलोवेला दोन वर्षांचा करार देऊ केला. नियमाप्रमाणे एडमंटनने तेवढीच रक्कम मोजायची किंवा त्याला सोडायचे. त्यांनी सोडले, मोबदल्यात तिसऱ्या फेरीतील एक निवड मिळाली. नव्या संघात त्याला वरच्या फळीत जागा आणि भरपूर वेळ मिळाला. २०२४-२५ मध्ये त्याने ७७ सामन्यांत २६ गोल केले आणि ६३ गुण मिळवले. खेळाडू तोच, मिनिटे मात्र वाढली होती.

कोणी म्हणेल, एडमंटनचे काय बिघडले? वेतनाच्या मर्यादेने त्यांचे हात बांधलेले होते, आणि हॉलोवे गेल्यावरही २०२५ मध्ये ते अंतिम फेरीत पोचलेच. मुद्दा बिनतोड वाटतो. पण २०२४ आणि २०२५ अशा दोन्ही अंतिम फेऱ्या ते हरले, हेही विसरू नये. एका विंगरने चषक आणला असता असा माझा दावा नाही. एवढेच म्हणणे की, घरात वाढवलेला मुलगा काय करू शकतो हे घराला शेवटपर्यंत कळले नाही.

आपल्याला पद्माकर शिवलकर आठवतील. मुंबईच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, पण एकही कसोटी त्याच्या वाट्याला आली नाही. पुढे बिशनसिंग बेदी होते. तिथे जागा एकच होती आणि एका जागेचे दोन तुकडे होत नाहीत. बर्फावरच्या दोन मिनिटांचे मात्र होतात. संघ तीन गोलांनी पुढे असताना पहिली तुकडी बसवता येते. एरवीही शेवटची तीस सेकंदे दुसरीला ठरवून देता येतात. याने उच्चांक कदाचित अर्ध्या टक्क्याने हुकेल. तेवढी किंमत मोजायला हरकत नसावी.

आणि मित्रहो, आपल्याकडे तरी निराळे काय चालते? एकांकिका स्पर्धा आली की तेच दोघे, वक्तृत्वाला तीच एक, कारण ढाल आणायची असते. ढाल येते, कपाटात बसते. पुढच्या वर्षी ते दोघे पदवी घेऊन जातात, आणि मग आपण विचारतो, ‘आता कोण आहे?’ कोणीतरी असतो. तो तीन वर्षे पडदा ओढत होता.