चार तासांचा टपालवाला

टपालवाल्याविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गास जिव्हाळा फार. कथा-कादंबऱ्यांत तो दारीं येतो, कोणाच्या डोळ्यांस पाणी आणतो, कोणास पेढे वाटावयास लावतो आणि कार्यभाग उरकतांच दिसेनासा होतो. हा पोट कसें भरतो, ही पृच्छा लेखक करीत नाहींत आणि वाचकही नाहींत. या कोरड्या कौतुकाचा समाचार घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

गोंदिया जिल्ह्याचा सालेकसा तालुका पाहावा. मुंबई-हावडा लोहमार्ग त्यांतून जातो खरा. परंतु दरेकसा-कचारगडाकडील डोंगराळ मुलखांत पत्र पोंचतें तें ग्रामीण डाकसेवकाच्या पायांनीं. पूर्वीं यास ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’, म्हणजे खात्याबाहेरचा, म्हणत. पुढें नांव पालटलें. तो मात्र उंबरठ्याबाहेरच राहिला. हें पद मुलकी पदच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. तथापि नियमित नोकराचें वेतन व निवृत्तिवेतन त्यास अद्याप नाहीं. २०१८ च्या पुनर्रचनेंत डाकसेवकाचा प्रारंभिक मोबदला चार तासांस १०,००० व पांच तासांस १२,००० रुपये ठरला; महागाईभत्ता निराळा. शिवाय उपजीविकेचें अन्य साधन आहे, हें त्यानेंच दाखवावयाचें!

यावर पहिला आक्षेप असा कीं, त्यास शेती आहे, मग पूर्ण वेतन कशाला? आक्षेपकांनीं पावसाळ्यांत या धानाच्या मुलखांत यावें. रोवणीस पाऊस थांबत नाहीं, आणि टपालही थांबत नाहीं. ज्या दिवसांत शेताला माणूस हवा, त्याच दिवसांत नाल्यांना पूर येऊन वाटा लांबतात. दोन धन्यांची एकाच वेळची चाकरी हें अन्य साधन नव्हे; ती ओढाताण आहे.

दुसरा आक्षेप : आतां पत्रें लिहितो कोण? तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, कागदी पत्रव्यवहार रोडावला, हें आम्हांस मान्य आहे. पण १ सप्टेंबर २०१८ रोजीं टपाल खात्याची पेमेंट्स बँक निघाली, आणि पत्रांच्या पिशवीबरोबर पेढीही त्याच्या खांद्यावर आली. म्हातारीचा आंगठा यंत्रावर उठवून तिचे पैसे तिच्या हातीं मोजून देणारा तोच. गांव त्याजवर विश्वास टाकतें, हें त्याचें खरें वैभव. तें आम्ही कमी लेखीत नाहीं. पण विश्वासावर वाण्याची उधारी फिटत नाहीं.

तिसरा आक्षेप तोट्याचा. खातें तोट्यांत आहे हें खरें. परंतु आडरानांतील एका पत्रासाठीं केलेली पायपीट ही व्यापाराच्या तराजूंत तोलावयाची वस्तूच नव्हे. ती राज्याची प्रजेप्रत जबाबदारी आहे. तिचा भार सर्वांत कमी वेतनाच्या माणसावर कां?

वाचकहो, आपल्या चिरंजीवांस कोणी चार तासांचें वेतन देऊन, उरलेलें पोट तुम्ही अन्यत्र भरा, असें म्हटलें, तर आपण त्यास काय म्हणाल? तेंच नांव येथेंही द्या. प्रत्यक्ष काम मोजावें, त्याप्रमाणें वेतन द्यावें, वार्धक्यांत निवृत्तिवेतन द्यावें. एवढेंच आमचें मागणें आहे. तें होईतों टपालवाल्यावरील हळव्या गोष्टी कोणीं न लिहिल्या, तरी मराठी वाङ्मयाची मोठीशी हानि होणार नाहीं.