नाग्याच्या वाडीचा सातबारा

गव्हाण फाट्यावरून दिघोड्याच्या रस्त्याला लागलं की पुढेमागे कंटेनरच कंटेनर. त्यातून वाट काढत दर 25 सप्टेंबरला मी चिरनेरला जातो. हुतात्म्यांना पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात, आणि माझी नजर आठ नावांतल्या एका नावावर थांबते : नाग्या महादू कातकरी.

1930 च्या उन्हाळ्यात मिठाचा सत्याग्रह झाला. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, म्हणून लोकांनी कोयते हाती घेतले आणि सरकारने बंद केलेल्या रानात शिरले. 25 सप्टेंबरला चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर पोलिसांचा गोळीबार झाला. दिघोड्याचे आलू म्हात्रे, मोठ्या जुईचे रामा कोळी, कोप्रोलीचे रघुनाथ न्हावी आणि चिरनेरचा नाग्या या गोळीबाराचे बळी ठरले. शेतकऱ्याला रानातून सरपण हवं होतं, राबाला पालापाचोळा हवा होता. नाग्याच्या जमातीला मात्र नावच रानाने दिलेलं. खैराचा गाभा शिजवून कात काढणारे ते कातकरी. खैरच तोडता येईना, तेव्हा त्यांचा धंदा बुडाला.

आम्हा गव्हाण-जासईच्या माणसांना जमिनीचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. जानेवारी 1984 मध्ये सिडकोने संपादन केलेल्या जमिनींसाठी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्यामागे आमची गावं उभी राहिली, पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पण तो मागायला आमच्या हातात सातबारा होता. रायगडातल्या कितीतरी कातकरी वाड्यांना पायाखालच्या जमिनीचाही कागद नाही. दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर जातात. परत येईपर्यंत आपलं घर जागेवर असेल ना, हा घोर त्यांना लागलेला असतो.

वनजमिनीवर राहणाऱ्यांसाठी 2006 चा वनहक्क कायदा आहे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेली जमीन आदिवासीला मिळते, गावाला रानावर सामूहिक हक्क मागता येतो, आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये असा सामूहिक हक्क मिळवूनही दाखवला. आज वाडीवाडीत शिकलेली पोरं हे दावे लिहितात, नकाशे काढतात, कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. कोयत्याच्या जागी आता कागद आला, लढा नाग्याचाच आहे.

या कायद्याने पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही मानला आहे, आणि तो दावेदाराखेरीज दुसऱ्या कोणाचा असावा लागतो. म्हणजे शेजाऱ्याचा, आपला. ही वाडी इथे कधीपासून आहे, त्या रानात कोण कसत आलं, हे आपल्या आजे-आज्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यांना हाताला धरून ग्रामसभेत न्यायला हवं. चिरनेरला फुलं वाहायला आपण जातोच. पण नाग्याच्या माणसांचा दावा वाचला जाईल तेव्हा साक्षीला सातबारावाल्यांनी उभं राहायला हवं. 1930 ला तो आपल्या शेजारी उभा होता.