घरीं राहिलेला भाऊ

ख्रिस्ती धर्मांत देवाच्या प्रीतीविषयीं जें कांहीं सांगितलें आहे, त्याचें सार एकाच ठिकाणीं पाहावयाचें असेल, तर लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडावा. बत्तीस वचनांच्या ह्या लहानशा अध्यायांत तीन दृष्टांत आहेत: हरवलेलें मेंढरूं, हरवलेलें नाणें आणि हरवलेला पुत्र. शाळेंतील बहुतेक मुलांना, मग त्यांच्या घरचा धर्म कोणताही असो, ह्या गोष्टी ठाऊक असतात. परंतु त्या कोणाला उद्देशून सांगितल्या होत्या, हें बहुधा विसरलें जातें. आणि तें विसरलें म्हणजे त्यांची धार बोथट होते.

त्या काळीं यहूदी लोकांत जकातदार हे फार तिरस्कृत होते. कारण परकीय रोमी सत्तेसाठीं ते आपल्याच लोकांकडून कर वसूल करीत. असे लोक येशूजवळ येऊं लागले व तो त्यांच्या पंक्तीला बसूं लागला, तेव्हां परूशी व शास्त्री कुरकुर करूं लागले. ह्या कुरकुरीचें उत्तर म्हणून हे दृष्टांत सांगितले गेले. म्हणजे ते केवळ भटकलेल्यांसाठीं नव्हते. आपण कधीं भटकलोंच नाहीं असें समजणाऱ्या सभ्य माणसांसाठीं ते विशेषेंकरून होते. आपणांपैकीं बहुतेक जण ह्याच वर्गांत मोडतों.

'हरवलेला' हा शब्दच पाहा. रानांतलें हरिण कोणाच्या कळपांत नसतें, पण तें हरवलें असें कोणी म्हणत नाहीं. ज्याला धनी आहे, ज्याची कोणी मोजदाद ठेवितो, तेंच हरवतें. शंभरांतून एक मेंढरूं उणें झालें हें मेंढपाळाला कळलें, कारण तो तीं मोजीत होता. दहांतलें एक नाणें, म्हणजे सुमारें एका दिवसाची मजुरी, सांपडेना, तेव्हां त्या स्त्रीनें दिवा लावला, घर झाडलें व कोनाकोपरा धुंडाळला. आपण हरवलों आहों हें नाण्याला ठाऊकही नसतें, आणि धुळींत पडल्यानें त्याची किंमतही घटत नाहीं. 'पापी' हा शब्द माणसानें काय केलें तें सांगतो. 'हरवलेला' हा शब्द तो कोणाचा आहे तें सांगतो. ख्रिस्ती विश्वासाप्रमाणें देवच आधीं शोधावयास निघतो. मनुष्याचें परत येणें हें त्या शोधाचें फळ होय.

तिसऱ्या दृष्टांतास आपण उधळ्या पुत्राची गोष्ट म्हणतों, आणि तो घरीं पोंचला कीं पुस्तक मिटतों. पण गोष्ट तेथें संपत नाहीं. शेतांतून परतलेला वडील भाऊ वाद्यांचा आवाज ऐकून बाहेरच थबकतो व आंत जाण्याचें नाकारतो. त्याचा राग अगदींच निष्कारण नव्हता. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें ज्येष्ठ पुत्रास दुप्पट वांटा मिळे. अर्थात् दोघां भावांत धाकट्याचा तिसरा हिस्सा. तो त्यानें घेतला व उडविला. घरांत उरलें तें सारें थोरल्याकडे जावयाचें होतें. मग तें पुष्ट वासरूं, तो झगा, ती आंगठी, त्या वहाणा, हें सर्व एका अर्थीं त्याच्याच वांट्यांतून खर्च होत होतें. हरवलेल्याच्या स्वागताला किंमत पडते, आणि ती घरीं राहिलेल्यांनाही द्यावी लागते. दृष्टांताचें मर्म आमच्या मतें येथें आहे.

अशा प्रीतीनें दुराचाराला उत्तेजन मिळेल, असें कोणी म्हणेल. परंतु बापानें मुलाची उधळपट्टी योग्य ठरविली नाहीं. गेलेला हिस्सा त्याला पुन्हां मिळाला, असेंही गोष्टींत कोठें नाहीं. द्रव्य गेलें तें गेलें. परत मिळालें तें पुत्रपण. शिवाय थोरल्याच्या निष्ठेचाही अनादर झाला नाहीं. बाप जसा धाकट्यासाठीं धांवत गेला, तसाच थोरल्याची समजूत घालावयास मेजवानी सोडून बाहेर आला. थोरला 'भाऊ' हा शब्द ओठांवर येऊं देत नाहीं. बाप तोच शब्द त्याच्या पदरांत घालतो. पुढें तो आंत गेला कीं नाहीं, हें येशूनें सांगितलें नाहीं. तें उत्तर ऐकणारांवर सोपविलें.

आपल्या महाराष्ट्रांत हें उत्तर कृतीनें देणारी व्यक्ति म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). इंग्लंडांत असतांना, समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा ख्रिस्ती भगिनी लंडनमधील फुलहॅम येथें प्रेमानें करीत आहेत, हें त्यांनीं पाहिलें. ह्याचें कारण विचारतां त्यांस येशू व शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखविण्यांत आली. ही आठवण त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. पुढें १८८९ सालीं मुंबईस त्यांनीं शारदासदन काढलें, तें मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीं. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या व निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत सर्व जातींच्या मुलींना आसरा मिळाला, आणि समाजानें बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठीं तेथें कृपासदनही निघालें. त्या दुष्काळपीडित मुली आपणहून दारीं आल्या नव्हत्या. रमाबाई त्यांना शोधीत गेल्या, आणि त्यांच्यासाठीं घर मोठें केलें.

विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत एखादा अनुत्तीर्ण होऊन मागें राहतो. एखाद्याचें नांव नकलेच्या किंवा चोरीच्या प्रकरणांत येतें. एखादा शाळेंत येईनासा होतो. शिक्षा भोगून तो परत आला, तर बाकावर त्याच्या शेजारीं कोण बसतो? त्याच्याशेजारीं बसणाऱ्याला चार मित्रांची थट्टा सोसावी लागेल. तीच त्याची किंमत. शाळेचा निकाल शेंकडा नव्याण्णव लागला म्हणजे आपण आनंद करितों, व तें योग्यच आहे. पण उरलेला एक कोण, हें विचारणाराही शाळेंत कोणी तरी असला पाहिजे.

पालकांसही आमची नम्र विनंति आहे. कुळाला बट्टा लावला म्हणून ज्या मुलाचें अथवा मुलीचें नांव घरांत काढावयाचें नाहीं असा दंडक पडतो, त्या मुलाची वाट पाहणें हें आईबापांचेंच काम आहे. तें करतांना घरीं राहिलेल्या गुणी मुलांनाही विसरूं नये. बाहेर उभ्या असलेल्या त्या थोरल्यापाशीं जाऊन त्याचाही हात धरावा. दोघेही एका पंगतीला बसल्यावांचून त्या बापाचा आनंद पुरा होत नाहीं.