पेल्यातले दहा थेंब

नांदेड-लातूरकडे 'वल्हांडण' हा शब्द कुणी ऐकला असलाच, तर मराठी बायबलातून. कोकणातल्या बेने इस्रायलांचा मात्र तो घरचा सण. त्या रात्री वाचायची 'हग्गादा' ही पोथी पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह छापली गेली. मिसरच्या गुलामीतून सुटल्याची ती कथा. लहान मूल विचारते, आजची भाकरी बिनखमिराची का, आणि वडीलधारे सांगतात. (आपल्याकडे 'गप जेव' म्हणतील!)

मला मोलाची वाटते ती एक रीत. मिसरवरच्या दहा संकटांची नावे घेताना यहुदी आपल्या पेल्यातून एकेक थेंब बाहेर काढतात. जुलूम करणाऱ्यांचीही माणसे मेली, म्हणून आपला आनंद तेवढा उणा, असा त्याचा एक अर्थ सांगतात.

१७ सप्टेंबरचा मुक्तिदिन आपण साजरा करतो. केलाच पाहिजे, रझाकारांचे अत्याचार खोटे नव्हते. पण १९४८ च्या पोलीस कारवाईत आणि नंतर जे मुसलमान मारले गेले, त्यांत कुणावर जुलूम न केलेले साधे खेडूतही होते. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरच्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने नांदेड आणि उस्मानाबाद धरले. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते.

झेंडावंदनाच्या भाषणात यांच्यासाठी एखादे वाक्य मी अजून ऐकलेले नाही. एखाद्या पोराने उभे राहून विचारलेच, तर गुरुजी काय सांगणार आहेत?