बर्फावरचा खेळ, घरावरचे कर्ज

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही घामाच्या धारांची शहरे. येथे हिवाळी खेळांचा विचार म्हणजे अनेकांस चैन वाटेल. परंतु येथेच पायांना चाके बांधून धावणारी मुले आम्ही नित्य पाहतो, आणि चाकांवरून बर्फावर जाण्याची वाट आता अपरिचित राहिलेली नाही. ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या स्केटरांनी पदके मिळविली आहेत. अडते ते पैशापाशी. सरावासाठी डेहराडून वा लेह गाठावयाचे, पात्यांचे बूट बहुधा परदेशातून मागवावयाचे, आणि सोबत आईने वा बापाने रजा घालवावयाची! नोकरदाराने हे कोठून करावे? सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही.

हे दुखणे जुनेच आहे. 1952 साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीस धाडण्यासाठी गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि त्यांच्या प्राचार्यांनी राहते घर 7000 रुपयांना गहाण ठेवले. 1998 ते 2018 पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिकांत बर्फावरील घसरगाडी हाकणाऱ्या शिव केशवन यांनाही लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला. उलट 2024 साली स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकताच राज्य शासनाने 1 कोटी रुपये जाहीर केले. ते योग्यच झाले. पण पदकानंतर थैली आणि पदकापूर्वी कर्ज, हा कोठला न्याय?

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडेच बर्फाचे मैदान बांधा. आमचा त्यास विरोध आहे. डेहराडूनचे मैदान 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभे राहिले आणि पुढे ते चालविण्याचा खर्च न पेलल्याने वर्षानुवर्षे बंद पडून होते. 2025 साली तेथे पुन्हा बर्फ गोठला. येथील उकाड्यात तसला पांढरा हत्ती कोण पोसणार? ज्या शहरांत पाण्यासाठी ओरड होते, तेथे कररूपी पैसा असा गोठविणे हा अपराध ठरेल.

आमची मागणी साधी आहे. महापालिकांनी चाकांच्या स्केटिंगसाठी चांगला वळणदार मार्ग बांधावा. तो बारा महिने आणि सर्वांच्या उपयोगी पडेल. राज्याच्या संघात निवड झालेल्या खेळाडूचा प्रवास, बूट व शिबिर यांचा खर्च मात्र शासनाने आधी द्यावा, पावत्या मागून तपासाव्यात. खेळाडूने घसरण्याचा धोका पत्करावा, त्याच्या घराने नव्हे.