फियाट निळा धूर सोडते तेव्हा

शिरवळसारख्या हमरस्त्यावरच्या गावात मोटारीविषयी सल्ला देणाऱ्यांना तोटा नाही. वडिलांच्या वेळच्या फियाटने निळा धूर सोडावयाचा अवकाश, चहाच्या हॉटेलात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "इंजिन बांधून घ्या." दुसरा म्हणतो, "कशाला ती कटकट? भंगारातून दुसरे आणा, टाका आणि मोकळे व्हा." माप मात्र दोघांपैकी कोणीच घेतलेले नसते!

गाडी तशी साधी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ सालची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली फियाट ११०० डिलाइट पुढे पद्मिनी म्हणून घरोघरी ठाऊक झाली. चार सिलिंडर, १०८९ सी.सी., ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर. असले इंजिन पुन्हा पुन्हा उघडता येते. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावेत, क्रँक ग्राइंड करून त्याला जुळतील अशी बेअरिंगे बसवावीत. बोअरची हद्द संपली तर स्लीव्ह आहेच. शेतावरच्या ऑइल इंजिनांनी आपल्या भागातल्या मिस्त्रींचा हात या कामात चांगला बसविला आहे.

तेव्हा हॉटेलातला वाद सोडा आणि गाडी खंबाटकीला न्या. (वाटेतला खंडाळा आपला, लोणावळ्याजवळचा नव्हे!) चढावर इंजिन जोर लावीत असता निळा धूर येत राहिला, तर रिंगा आणि सिलिंडर झिजले असे धरावे. उतारावर मात्र अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी गिअरमध्येच येऊ द्या. खाली पोचून पुन्हा पाय देताच भपकन् लोट आला, तर दोष बहुधा वॉल्वच्या गाइडांत; तेल तिथून आत ओढले जाते. हे दुखणे हेड उतरवून भागते. त्यासाठी सबंध इंजिन बाहेर काढणाऱ्या मिस्त्रीला लांबूनच नमस्कार करावा.

घरी आल्यावर कॉम्प्रेशन गेज लावा. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा पाहा. दाब चढला तर रिंगा-सिलिंडरकडे बोट, न चढला तर वॉल्वकडे किंवा हेड गॅस्केटकडे. एवढे झाल्याशिवाय कोणालाही पैसे मोजू नयेत.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अशा गाडीचे इंजिन कोणी देऊ केले, तर ते किती लाख किलोमीटर धावले आहे हे कोण सांगणार? उघडून पाहावेच लागते. म्हणजे काम वाचले नाहीच, वर दुसऱ्याचे दुखणे घरी आले. डिझेलचे इंजिन घातल्यास खर्चात बचत दिसते खरी, पण वजन, बैठक, गिअरबॉक्स अशी एकेक गोष्ट बदलत जावी लागते.

शिवाय इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आर.सी. बुकात. ब्लॉक बदलला की साताऱ्याच्या आर.टी.ओ.कडे जाणे आले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारींना 'व्हिंटेज' नोंदणी दिली. पण इंजिन, चासी, बॉडी यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट घातली. अर्थात तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तिच्यातून साताऱ्याला लग्नाला जाऊ म्हणाल तर जमावयाचे नाही, हेही ध्यानात असू द्या.

माझे मत पहिल्या पक्षाला. ब्लॉक धड असेल तोवर तोच बांधावा. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भगदाड पडले असेल तरच दुसरा शोधावा, तोही त्याच जातीचा, कागदांसकट.

बांधावयाचे ठरले तर एक गोष्ट सांभाळा. पिस्टन हातात आल्याखेरीज ब्लॉक बोअरिंगच्या मशीनवर चढवू देऊ नका. आधी बोअर करून मागून त्या मापाचे पिस्टन हुडकीत फिरणारे लोक आहेत, आणि त्यांची गाडी वर्षानुवर्षे गोठ्यात उभी आहे. पिस्टन मिस्त्रीपुढे ठेवा, त्यावरून त्याला माप घेऊ द्या. इंजिन सुरू झाल्यावर पहिले काही शंभर किलोमीटर खंबाटकी जोरात चढू नका, आणि मग ते तेल काढून नवे भरा. जुन्यात बिडाचा कीस चमकताना दिसेल. घाबरू नका, नव्या रिंगा बसताना तो निघतोच.